जुनं इंग्रजी-लॅटिन व्याकरण हाती आलं, तर ते वाचायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: सोळाव्या शतकातल्या एका लॅटिन व्याकरणाच्या पानांचं स्कॅन मिळालं आहे. स्पष्टीकरण इंग्रजीत आहे, अक्षरं काळी, टोकदार, गॉथिक वळणाची आहेत आणि शीर्षकपान गेलेलं आहे. हे पुस्तक कोणतं, ते वाचायचं कसं, आणि शाळेत संस्कृत झालेल्या मराठी माणसाला त्यातलं किती कळेल?

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हे पुस्तक वाचण्यासाठी छापलेलंच नाही, ते घोकण्यासाठी छापलं आहे. मुलाने ते मोठ्याने म्हणायचं, पंतोजींनी मधूनच थांबवून विचारायचं, चुकलं तर छडी. आज त्यात जे विचित्र वाटतं ते बहुतेक सगळं यातून आलं आहे. पद्यातले नियम, एकाच रूपाला तीन नावं, नामाच्या आधी चिकटवलेलं सर्वनाम, सगळं तोंडपाठ करण्याच्या सोयीसाठी.

आता ओळख. पहिलं वाक्य बघा. 'हाउ मेनी पार्ट्स ऑफ रीझन बी देअर?' असा प्रश्न आणि पुढे 'एट' असं उत्तर असेल, तर ते जॉन स्टॅनब्रिजच्या घराण्यातलं पुस्तक. लॅटिनच्या 'ओरातिओ'चं भाषांतर त्या काळी 'रीझन' असं करत, त्यामुळे पहिल्यांदा वाचणारा तर्कशास्त्राचं पुस्तक समजून बाजूला ठेवतो. ही प्रश्नोत्तरांची पद्धत चौथ्या शतकातल्या डोनाटस या रोमन व्याकरणकाराच्या छोट्या व्याकरणातून आलेली. उलट 'इन स्पीच बी दीज एट पार्ट्स फॉलोइंग' असं सरळ विधान असेल, तर ते कोलेट आणि लिली यांच्या परंपरेतलं. तुमच्या पानांची सुरुवात कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही घराण्यांबद्दल सांगतो.

स्टॅनब्रिजचं मूळ ऑक्सफर्डमधल्या मॅग्डलेन कॉलेजच्या शाळेत. तिथला जॉन अ‍ॅनविकिल याचं लॅटिन व्याकरण ऑक्सफर्डला १४८३ च्या सुमारास छापलं गेलं. सोबत टेरेन्स या रोमन नाटककाराच्या नाटकांवर आधारलेली लॅटिन-इंग्रजी वाक्यंही होती. स्टॅनब्रिज तिथेच त्याच्यानंतर मुख्य शिक्षक झाला. त्याने एक जाडजूड ग्रंथ न लिहिता कामं वाटून टाकली. शब्दरूपांची एक पुस्तिका, तर-तम भावाची एक, 'सुम' म्हणजे 'असणे' या अनियमित क्रियापदाची एक, शब्दसंग्रहाची एक आणि रोजच्या वाक्यांची एक. प्रत्येकीत मोजकीच पानं. लंडनमध्ये विंकिन डी वर्ड आणि रिचर्ड पिन्सन ती पुन्हा पुन्हा छापत. डी वर्डच्या कित्येक प्रतींच्या पहिल्या पानावर हातात छडी घेतलेला मास्तर आणि समोर तीन मुलं असं लाकडी ठशाचं चित्र आहे. ते दिसलं तरी लगेच आवृत्ती ठरवू नका. तोच ठसा अनेक पुस्तकांना वापरला आहे. त्या काळात छापणाऱ्याचं नाव आणि तारीख बहुधा शेवटी पुष्पिकेत, म्हणजे समाप्तीच्या टिपेत, असते, म्हणून शेवटचं पान शाबूत असेल तर आधी ते उघडा.

लिलीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे आणि चुका इथेच होतात. विल्यम लिली हा जॉन कोलेटने स्थापन केलेल्या लंडनच्या सेंट पॉल्स शाळेचा पहिला मुख्याध्यापक. तो १५२२ मध्ये वारला. ज्या पुस्तकाला 'लिलीचं व्याकरण' म्हणतात ते आठव्या हेन्रीच्या हुकमाने, समितीकडून जुळवून तयार झालं. लॅटिन भाग १५४० मध्ये निघाला, इंग्रजी भाग १५४२ मध्ये. आत कोलेटची शब्दरूपं आहेत आणि लिलीची वाक्यरचना आहे. लिलीच्या लॅटिन वाक्यरचनेवर इरॅस्मस या डच विद्वानाने इतका हात फिरवला होता की १५१३ मध्ये ती छापली तेव्हा कोणाचंच नाव घातलं नव्हतं. त्यामुळे 'लिली म्हणतो' असं लिहिण्याआधी तो तुकडा कोणाचा हे तपासावं.

१५४० नंतर हे सरकारमान्य क्रमिक पुस्तक झालं. एलिझाबेथच्या १५५९ च्या आज्ञांमध्ये, प्रत्येक शिक्षकाने हेन्रीने घालून दिलेलं व्याकरणच शिकवावं, असं स्पष्ट कलम आहे. छपाईचा हक्क एका वेळी एकाच मक्तेदाराकडे असायचा आणि तो सोन्याच्या खाणीसारखा होता. १५८७ मध्ये लंडनच्या छापणाऱ्यांच्या संघाने सामान्य पुस्तकाच्या एका आवृत्तीवर १,२५० ते १,५०० प्रतींची मर्यादा घातली, पण व्याकरणाला आणि तशाच शालेय पुस्तकांना त्यातून मोकळीक दिली. तरी आज प्रती दुर्मिळ, कारण पोरांनी ती फाडली, झिजवली, टाकून दिली. जुन्या व्याकरणांची कितीतरी पानं नंतरच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत भरताड म्हणून सापडतात. तुमचं स्कॅन अर्धवट असण्याचं कारणही असंच काही असू शकतं.

काळ ठरवण्याची एक सोपी खूण म्हणजे सुरुवातीची राजाज्ञा. ती हेन्रीच्या नावाने आहे, सहाव्या एडवर्डच्या की एलिझाबेथच्या, हे बघा. एलिझाबेथचं नाव असेल तर प्रत १५५८ च्या आधीची असू शकत नाही. किती नंतरची, हे मात्र त्यावरून कळत नाही, कारण मजकूर तसाच पुढे ओढला जाई. शिवाय इंग्रजी भाग आणि 'ब्रेविसिमा इन्स्टिट्यूशिओ' नावाचा लॅटिन भाग यांना वेगवेगळी शीर्षकपानं असतात आणि दोन वेगळ्या वर्षांचे भाग एकत्र बांधलेले आढळतात. एका भागाची तारीख दुसऱ्याला लावू नका. पानांना आकडे नसतील तर तळाशी छापलेली फर्म्याची (एकत्र घडी घातलेल्या पानांच्या जुडीची) अक्षरं मोजा: ए, ए दोन, ए तीन, मग बी. त्यावरून कुठलं पान गळालं ते कळतं. कागदातल्या ठळक रेघा स्कॅनमध्ये दिसत असतील तर त्या आडव्या म्हणजे चौघडी (एका तावाची चार पानं), उभ्या म्हणजे आठघडी (आठ पानं).

कॅटलॉगमध्ये शोधताना लिलीचं नाव तीन-चार स्पेलिंगांनी घालून बघा, लॅटिन रूप 'लिलिअस' धरून. तसंच 'अ‍ॅक्सिडन्स', म्हणजे शब्दरूपांचं पुस्तक, हा शब्दही दोन-तीन प्रकारे. इंग्रजी स्पेलिंग अजून घट्ट झालेलं नव्हतं.

आता अक्षरं. लांब 'एस' हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो, फक्त त्याची आडवी काडी उजवीकडे जात नाही. शब्दाच्या सुरुवातीला 'व्ही' आणि मध्ये 'यू' छापतात, उच्चार काहीही असो. 'जे' जवळजवळ नसतोच. 'ओ'नंतरचा 'आर' आकड्यातल्या दोनसारखा दिसतो. शेवटी नऊच्या आकड्यासारखी वर चढलेली खूण म्हणजे 'उस'. 'क्यू'ला जोडलेला अर्धविराम म्हणजे 'क्वे', आपल्या संस्कृतमधल्या 'च'सारखा मागून लागणारा. हे दोन दिवसांत डोळ्यात बसतं.

खरी घसरगुंडी दोन खुणांची आहे. स्वराच्या डोक्यावर आडवी किंवा नागमोडी रेघ असेल तर तो आपला अनुस्वारच समजा: पुढे 'म' किंवा 'न' आहे. म्हणजे 'मूसा' (कलादेवता) या नमुना शब्दाच्या शेवटच्या 'आ'वर रेघ असेल तर शब्द 'मूसाम', अर्थात अक्यूजेटिव्ह, आपली द्वितीया. त्याच 'आ'वर छोटी टोपी असेल तर तो लांब 'आ', म्हणजे अब्लेटिव्ह ('ने', 'हून', 'त' अशा अर्थांची विभक्ती). आणि काहीच नसेल तर नॉमिनेटिव्ह (प्रथमा) किंवा व्होकेटिव्ह (संबोधन). संगणकाने काढलेल्या मजकुरात दोन्ही खुणा उडतात आणि तिन्ही विभक्ती एकसारख्या दिसू लागतात. म्हणून तक्ता असलेल्या पानासाठी संगणकी मजकुरावर विसंबू नका, चित्रच मोठं करून बघा. टोपीची खूण लॅटिन शब्द उभ्या रोमन खिळ्यांत छापायला लागल्यावर जास्त दिसते. त्या प्रतींत इंग्रजी काळ्या अक्षरात आणि लॅटिन रोमनमध्ये असतं, त्यामुळे वाचणंही सोपं जातं.

तक्त्यात नामाच्या आधी 'हिक', 'हाएक', 'होक' हे शब्द आले की गोंधळू नका. अभिजात लॅटिनमध्ये त्यांचा अर्थ 'हा, ही, हे'. इथे मात्र त्यांना आर्टिकल म्हटलं आहे आणि त्यांचं काम लिंग दाखवणं एवढंच. आपण शाळेत 'तो वाडा, ती भिंत, ते घर' म्हणतो तसंच. मराठी माणसाला ही युक्ती इंग्रजापेक्षा लवकर कळते, कारण त्याच्या भाषेत वाडा आणि भिंत यांना लिंग आहे. व्याकरणात लिंगं सात सांगितली आहेत, ती पाहून घाबरायचं कारण नाही. तीन नेहमीची. 'हिक एत हाएक पॅरेन्स' म्हणजे आई किंवा बाप, दोन्हींना चालणारं. 'फेलिक्स'सारखं विशेषण तिन्हींना चालणारं. 'दिएस' म्हणजे दिवस, कधी असा कधी तसा, म्हणून संशयित. आणि सातवं 'एपिसीन': 'हिक पासेर' चिमणी, 'हाएक अक्विला' गरुड, नर-मादी दोघांनाही एकच आर्टिकल. आपली 'ती घार' आणि 'तो कावळा' याच खात्यात बसतात.

जॉन होल्टने 'लाक पुएरोरुम', म्हणजे 'मुलांचं दूध', या छोट्या पुस्तकात याच 'हिक, हाएक, होक'साठी उघड्या हाताचं चित्र देऊन बोटांवर रूपं मांडली होती. विभक्ती बोटावर मोजायची ही कल्पना त्या गर्दीतल्या बऱ्याच जाड पुस्तकांपेक्षा मला जास्त हुशारीची वाटते.

सर्वनामाच्या तक्त्यात 'व्होकेटिवो कारेत' असं येईल. 'कारेत' हे रूप नाही, त्याचा अर्थ 'नाही, उणं आहे': संबोधन होत नाही. शेक्सपिअरच्या 'द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर'मध्ये मास्तर विल्यम नावाच्या पोराला हाच तक्ता विचारतो, 'लापिस' म्हणजे काय तेही विचारतो, आणि 'कारेत' हे इंग्रजी 'कॅरट'सारखं, म्हणजे गाजरासारखं, ऐकू येतं म्हणून त्यावरही विनोद होतो. 'लापिस', दगड, हा लिलीच्या व्याकरणात तिसऱ्या गणाचा नमुना शब्द आहे. प्रेक्षकांनीही तो मार खात पाठ केला होता, म्हणून हशा पिकायचा.

क्रियापदात सहा मूड, म्हणजे आपले आज्ञार्थ, विध्यर्थ यांसारखे 'अर्थ', दिसतील आणि 'आमेम' हे एकच रूप त्यांतल्या तिघांत सापडेल. छपाईची चूक नाही. 'उतिनाम आमेम', देव करो आणि मी प्रेम करो, हा ऑप्टेटिव्ह. नुसतं 'आमेम', मी प्रेम करू शकेन, हा पोटेन्शिअल. 'कुम आमेम', मी जेव्हा प्रेम करतो, हा सब्जंक्टिव्ह. विभागणी लॅटिन रूपावर नाही, इंग्रजी अनुवादाच्या खुणेवर केली आहे. आजच्या पुस्तकात हे तिन्ही एकच. त्यामुळे जुन्या पुस्तकातला 'पोटेन्शिअल' नव्या पुस्तकात वेगळा मूड म्हणून शोधायला गेलात तर सापडणार नाही.

विभक्तींची ओळखही खुणेनेच केली आहे आणि इथे ती फार सुरेख आहे. सगळी उदाहरणं मास्तरावर. 'कोण?' विचारलं की उत्तर येतं तो नॉमिनेटिव्ह: 'मागिस्टेर दोसेत', मास्तर शिकवतो. 'कोणाचं?' विचारलं की जेनिटिव्ह: 'दोक्त्रिना मागिस्त्री', मास्तरांची विद्या. 'कोणाला दिलं?' तो डेटिव्ह: 'दो लिब्रुम मागिस्त्रो', मी मास्तरांना पुस्तक देतो. 'कोणाला?' असं क्रियापदानंतर विचारलं की अक्यूजेटिव्ह: 'आमो मागिस्त्रुम'. पण खूण म्हणजे नियम नव्हे. इंग्रजी 'टू' दिसलं की डेटिव्ह, असं पाठ करून बसलेला मुलगा 'मी लंडनला जातो' यालाही डेटिव्ह लावतो, आणि तिथे अक्यूजेटिव्ह हवा. जुन्या मास्तरांना ही चूक रोज दिसत असणार. मराठीत 'ला' दोन्हीकडे आहे, म्हणून आपण तर जास्तच फसतो.

इंग्रजी भागाचा सगळ्यात कामाचा तुकडा म्हणजे तीन कॉनकॉर्ड, शब्दांचा एकमेकांशी मेळ घालण्याचे नियम. इंग्रजी वाक्य लॅटिनमध्ये करायला दिलं की काय करायचं, याची तिथे पायरीपायरीने कृती दिली आहे. आधी मुख्य क्रियापद शोधा. एकाहून जास्त असतील तर पहिलं, पण ते इन्फिनिटिव्ह ('करणे'सारखं मूळ रूप) असेल किंवा त्याच्या आधी 'जो', 'की', 'जेव्हा', 'जर' असा शब्द असेल तर ते सोडा. मग त्या क्रियापदाला 'कोण? काय?' विचारा, उत्तर येईल तो कर्ता, आणि क्रियापदाचं वचन व पुरुष त्याच्याशी जुळवा. उदाहरण: 'प्रेसेप्टोर लेगित, वोस वेरो नेग्लिगितिस', मास्तर वाचतात आणि तुम्ही दुर्लक्ष करता. एका वाक्यात तृतीय पुरुष एकवचन आणि द्वितीय पुरुष अनेकवचन शेजारी-शेजारी, शिवाय पोराला टोमणा. दुसरा कॉनकॉर्ड विशेषण आणि नामाचा, तिसरा संबंधी सर्वनामाचा: 'वीर सापित क्वी पाउका लोक्वितुर', कमी बोलतो तो माणूस शहाणा. ही पाच-सहा पानं हातात घेऊन पाच वाक्यं स्वतः बनवून बघा. पुस्तकाचा निम्मा गाभा तिथेच कळतो.

लॅटिन भागातली पद्यं मात्र थेट वाचून कळत नाहीत. 'आस इन प्रेसेन्ती पेर्फेक्तुम फोर्मात इन आवी' या ओळीचा अर्थ इतकाच: वर्तमानकाळी ज्याचं द्वितीय पुरुषी रूप 'आस'ने संपतं त्याचा भूतकाळ 'आवी'ने होतो. पुढे 'उत' आलं की उदाहरण. 'देमे' आलं की 'हे वगळा': 'देमे लावो लावी', म्हणजे 'लावो'चं 'लावावी' नव्हे, 'लावी'. 'उत', 'देमे', 'एक्सिपे' या तीन शब्दांभोवती पेन्सिलने गोल करा आणि मगच ओळी वाचा. नियम, उदाहरण, अपवाद वेगळे दिसायला लागतात. नामांच्या लिंगाचं 'प्रोप्रिआ क्वे मारिबुस' हे पद्यही याच रीतीने सोडवायचं.

तुमच्या पानांत तक्ते नसून नुसती लॅटिन-इंग्रजी वाक्यांची जोडी असेल, तर ती 'वुल्गारिआ' आहे. त्यात भांडण, मार, जेवण, शिव्या, बाजार असं सगळं रोजचं बोलणं असतं. रॉबर्ट व्हिटिन्टनने १५२० च्या आपल्या वुल्गारिआत आधी नियम आणि मग वाक्यं दिली. विल्यम हॉर्मनच्या १५१९ च्या पुस्तकात, ज्याच्या ८०० प्रती छापण्याचा पिन्सनशी झालेला करार उपलब्ध आहे, वाक्यं विषयवार आहेत आणि नियम जवळजवळ नाहीत. नियम आधी की नमुना आधी, यावरून दोन्ही गटांनी एकमेकांवर लॅटिनमधून यथेच्छ राळ उडवली आणि लिली त्यात हॉर्मनच्या बाजूने उतरला. तुमच्या पानावर वाक्यांआधी नियम आहे का, एवढं बघितलं तरी कोणत्या बाजूचं पुस्तक ते बरंचसं कळतं.

आता संस्कृतचा प्रश्न. 'देवः देवौ देवाः' चालवलेल्या माणसाला 'मूसा, मूसाए, मूसाए, मूसाम' चालवणं जड जात नाही, शिवाय द्विवचन नाही ही सूट. शब्दांच्या जातींबाबत मात्र सावध राहा. लिलीच्या आठ जाती आणि मराठी व्याकरणातल्या आठ जाती एकच नाहीत. तिथे विशेषण हे नामाचाच पोटभाग आहे, आणि पार्टिसिपल, आपलं धातुसाधित, स्वतंत्र जात. पुढे इंग्रजीत विशेषण वेगळं काढलं, पार्टिसिपल क्रियापदात ढकललं, आणि आकडा आठच राहिला. मराठीतली आठाची यादी या युरोपीय वाटेनेच आली आहे. निरुक्तकार यास्काच्या जुन्या मांडणीत जाती चारच होत्या. कोकणीशी दुवा याहून जुना आहे: 'क्रिस्तपुराण' लिहिणारा थॉमस स्टीफन्स हा इंग्रज होता, आणि त्याचं कोकणीचं व्याकरण १६४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, गोव्यात राशोलला छापलं गेलं. लॅटिनच्या साच्यात आपल्याकडची भाषा बसवून बघण्याचा तो पहिल्यांपैकी एक छापील प्रयत्न.

विभक्तींचा क्रमही वेगळा आहे. लिलीत नॉमिनेटिव्ह, जेनिटिव्ह, डेटिव्ह, अक्यूजेटिव्ह, व्होकेटिव्ह, अब्लेटिव्ह असा क्रम येतो, म्हणजे आपली षष्ठी दुसऱ्या जागी आणि द्वितीया चौथ्या. क्रमांकाने जुळवू नका, प्रश्नाने जुळवा. आणि अब्लेटिव्हला एकच संस्कृत विभक्ती शोधू नका. लिली त्याच्या खुणा इंग्रजीत 'इन', 'विथ', 'फ्रॉम', 'बाय', 'दॅन' अशा देतो. तिथे सप्तमी, तृतीया आणि पंचमी तिन्ही लावून बघाव्या लागतात. 'आमिकुस सेर्तुस इन रे इन्सेर्ता सेर्नितुर', खरा मित्र अडचणीत ओळखू येतो, हे दुसऱ्या कॉनकॉर्डचं उदाहरण घ्या: 'रे इन्सेर्ता' अब्लेटिव्ह आहे आणि इथे ती सप्तमी. तलवारीने मारलं असेल तर तृतीया. याच्यापेक्षा तो मोठा असेल तर पंचमी, आणि ही शेवटची जागा संस्कृतशी अगदी बरोबर जुळते.